कल्चरच्या रिपोर्टला तीन दिवस का लागतात? जिवाणू ओळखायच्या आणि अडवायच्या चाचण्यांविषयी

सूक्ष्मा_नौपाडा
शनिवार, रात्री १०.१५

लॅबच्या काउंटरवर सगळ्यात जास्त ऐकू येणारा प्रश्न म्हणजे, "सीबीसीचा रिपोर्ट संध्याकाळी मिळतो, मग लघवीच्या कल्चरलाच तीन दिवस का?" विचारणाऱ्याच्या घरी कुणीतरी तापाने फणफणलेलं असतं, त्यामुळे त्या प्रश्नातली घाई समजते. पण मागे रांग असते आणि उत्तर अर्धवटच दिलं जातं. म्हणून इथे सविस्तर लिहितेय. मी ठाण्यात एका लॅबच्या मायक्रोबायोलॉजी विभागात काम करते.

सीबीसीत मशीन पेशी मोजतं. पेशी नमुन्यात तयारच असतात. कल्चरमध्ये आम्हाला जिवाणू आधी वाढवावा लागतो, मग ओळखावा लागतो आणि मग त्याच्यावर औषधं लावून बघावी लागतात. या तिन्ही पायऱ्यांना त्याच्या वाढीच्या वेगानेच जावं लागतं.

पहिल्या दिवशी लघवीत ठरावीक मापाचा लूप (टोकाला छोटा गोल असलेली तार) बुडवतो. त्यात एक मायक्रोलिटर, म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग मावतो. तो प्लेटवर, म्हणजे जिवाणूंचं खाद्य थिजवलेल्या बशीवर, ओढायचा आणि प्लेट रात्रभर ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी शंभर कॉलनी (वाढलेल्या जिवाणूंचे ठिपके) दिसल्या तर एका मिलिलिटरमध्ये एक लाख जिवाणू होते, असा हिशोब. एक लाखाची ही रेषा १९५० च्या दशकात अमेरिकेत एडवर्ड कास यांनी मांडली आणि अजून तीच सुरुवातीची खूण म्हणून वापरतात.

प्लेटही बरंच सांगते. मॅकॉन्की अगारमधले पित्तक्षार आणि क्रिस्टल व्हायोलेट बऱ्याचशा ग्राम पॉझिटिव्ह जिवाणूंना (हा प्रकार पुढे सांगते) वाढूच देत नाहीत. जे वाढतात त्यातले लॅक्टोज आंबवणारे गुलाबी दिसतात, बाकीचे फिके. ई. कोलाय गुलाबी आणि कोरडा. क्लेबसिएलाही गुलाबी, पण बुळबुळीत. लूप लावून वर उचलला की तार निघते. सवय झालेला माणूस इथेच नाव सांगू शकतो, पण रिपोर्टवर लिहू शकत नाही.

मग ग्राम स्टेन, म्हणजे जिवाणू रंगवून बघणं. हान्स क्रिश्चन ग्राम या डॅनिश डॉक्टरांनी १८८४ मध्ये बर्लिनमध्ये काम करताना ही पद्धत प्रसिद्ध केली आणि आजही पहिला प्रश्न हाच असतो: ग्राम पॉझिटिव्ह की निगेटिव्ह? काचेवर कॉलनीचा पातळ थर पसरायचा, ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवून पक्का करायचा. क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, पाणी, आयोडीन एक मिनिट, पाणी. इथपर्यंत सगळेच जांभळे. खरी परीक्षा पुढच्या काही सेकंदांत. स्लाइड तिरकी धरून वरून थेंब थेंब अल्कोहोल सोडायचं, जांभळा ओघळ फिका होत जातो आणि ज्या क्षणी ओघळ रंगहीन होतो त्या क्षणी पाण्याखाली धरायचं. जास्त वेळ सोडलं तर ग्राम पॉझिटिव्हचाही रंग निघतो. थर जाड असेल तर निगेटिव्हही जांभळा राहतो. शेवटी सॅफ्रॅनिन, म्हणजे रंग गमावलेले गुलाबी दिसतात. पेप्टिडोग्लायकनची भिंत जाड असलेला जिवाणू रंग धरून ठेवतो, पातळ भिंतीचा सोडून देतो. कोणती औषधं आत शिरतील हेही बऱ्याच अंशी याच भिंतीवर ठरतं.

पुढे छोट्या छोट्या चाचण्या. ग्राम पॉझिटिव्ह गोल जिवाणू दिसला तर कॅटलेज: कॉलनीवर तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड टाकायचं, फसफसला तर स्टॅफिलोकॉकस, शांत राहिला तर स्ट्रेप्टोकॉकसच्या बाजूचा. ब्लड अगारवरून उचलताना खालचं रक्त लागता कामा नये, कारण रक्तातलं कॅटलेजच बुडबुडे देतं. स्टॅफ असेल तर कोअॅग्युलेज: सशाच्या प्लाझ्मात मिसळून ३७ अंशांना ठेवायचं, चार तासांत प्लाझ्मा गोठला तर स्टॅफ ऑरियस. ग्राम निगेटिव्ह असेल तर ऑक्सिडेज: कागदावर कॉलनी घासली की दहा सेकंदांत गडद जांभळा रंग येतो का ते बघायचं. स्युडोमोनासमध्ये येतो, ई. कोलायमध्ये नाही. इथे नायक्रोमचा लूप चालत नाही, तारेमुळेच खोटा रंग येऊ शकतो. आम्ही लाकडी काडी वापरतो.

शेवटी सेन्सिटिव्हिटी. बाउअर, कर्बी आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये घालून दिलेली डिस्कची पद्धत. प्लेट म्युलर-हिंटन अगारचीच, थर चार मिलिमीटरचाच. जिवाणूचं द्रावण ठरलेल्या गढूळपणाचं, ज्याला आम्ही अर्धा मॅकफार्लंड म्हणतो. त्यावर औषधांच्या डिस्क ठेवायच्या आणि १६ ते १८ तासांनी प्रत्येक डिस्कभोवतीचं मोकळं वर्तुळ मोजायचं. अगार पातळ ओतला तर वर्तुळ उगाच मोठं येतं, द्रावण दाट झालं तर लहान. म्हणून ज्याची वर्तुळं किती यायला हवीत हे आधीच माहीत आहे असा प्रमाण जिवाणू, ई. कोलाय एटीसीसी २५९२२, आम्ही त्याच पद्धतीने लावून बघतो. त्याचं उत्तर चुकलं तर पेशंटचा रिपोर्ट बाहेर जात नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. आमच्या हातात असलेलं सगळं आम्ही सांभाळतो, पण पहिली पायरी तुमच्या घरी असते. अँटिबायोटिकचा पहिला डोस पोटात जाण्याआधी नमुना द्या. दोन गोळ्या घेऊन मग कल्चरला येणारे खूप असतात. दोन गोळ्यांनी सगळे जिवाणू मरत नाहीत, पण दबतात. प्लेट कोरी राहते, रिपोर्ट "ग्रोथ नाही" असा येतो आणि आजार मात्र तसाच.

मृणा_घोडबंदर
शनिवार, रात्री ११.०२

फार गरजेचा धागा. आईच्या बाबतीत नुकतंच असं झालं: रिपोर्टवर "मिक्स्ड ग्रोथ, नमुना पुन्हा पाठवा" असं आलं. तीन दिवस थांबून हे वाचल्यावर खूप वाईट वाटलं. ती ७२ वर्षांची आहे, गुडघे दुखतात, पुन्हा नमुना देणंही तिला जड जातं. यात लॅबची चूक असते की आमची? आणि पुन्हा देताना काय करायचं?

सूक्ष्मा_नौपाडा
शनिवार, रात्री ११.३०

मृणा, कुणाला दोष देण्यासारखं त्यात नाही. एका प्लेटवर तीन किंवा जास्त प्रकारच्या कॉलनी आल्या की ते बहुतेक वेळा त्वचेवरचे, आसपासचे जिवाणू असतात. त्यातल्या एकाला धरून सेन्सिटिव्हिटी लावली तर आईला नको ते औषध सुरू होईल. लॅबने "पुन्हा पाठवा" म्हटलं हे तिच्या भल्याचंच आहे.

आधी साध्या पाण्याने धुवायचं, डेटॉल वगैरे नको. त्याचा अंश बाटलीत गेला तर तोही जिवाणू दाबतो. सुरुवातीची धार सोडून द्यायची, मधली बाटलीत घ्यायची. बाटली लॅबमधूनच आणायची, घरची डबी कितीही उकळली तरी नको. आईला कमोडवर मागे सरकून, पाय फाकवून बसायला सोपं जातं. तुम्ही बाटली धरा, तिने फक्त सांगायचं. झाकण उघडल्यावर आतल्या बाजूला बोट लागू देऊ नका.

आणि वेळ. खोलीच्या तापमानाला लघवीत जिवाणू भराभर वाढतात. ई. कोलायची पिढी अनुकूल परिस्थितीत वीसेक मिनिटांत दुप्पट होते. दोन तासांत लॅबमध्ये पोचायला हवं. तुम्ही कासारवडवलीहून निघून माजिवड्याला अडकलात तर तेवढा वेळ रस्त्यातच जातो. म्हणून बाटली फ्रिजमध्ये ठेवा, चार अंशांच्या आसपास २४ तासांपर्यंत चालते. फ्रीझरमध्ये मात्र नाही. आणताना पिशवीत बर्फाचा पॅक टाका आणि काउंटरवर नमुना किती वाजता घेतला ते सांगा.

रिपोर्टमधल्या आकड्याबद्दलही एक. एक लाखाच्या खाली आलं म्हणजे जंतुसंसर्ग नाहीच, असं नसतं. जळजळ, ताप अशी लक्षणं असतील तर कमी संख्याही डॉक्टर गांभीर्याने घेतात. म्हणून फॉर्मवर लक्षणं लिहायला लाजू नका.

टीवायची_पोर
रविवार, सकाळी ८.५०

ताई, ऑक्सिडेजमधली लाकडी काडी आमच्या जर्नलमध्ये कुठेच नाही, आज कळलं. पुढच्या महिन्यात प्रॅक्टिकल आहे. इमविकच्या चार चाचण्या (इंडोल, मिथाइल रेड, व्होजेस-प्रॉस्काउअर, सिट्रेट) पाठ केल्यात पण डोक्यात बसत नाही. आणि खरं सांगा, आता मशीन नाव सांगतं तर हे सगळं आम्ही का शिकतोय?

सूक्ष्मा_नौपाडा
रविवार, सकाळी ९.२०

पाठ करू नकोस, प्रत्येक नळीला काय विचारलंय ते बघ. इंडोल विचारतं, ट्रिप्टोफॅन तोडतोस का? कोव्हॅकचं द्रावण टाकलं की वर लाल कडं आलं तर हो. मिथाइल रेड विचारतं, ग्लुकोजपासून भरपूर आम्ल करून ते टिकवतोस का? व्होजेस-प्रॉस्काउअर विचारतं, आम्लाऐवजी अॅसिटॉइन करतोस का? सिट्रेट विचारतं, कार्बनसाठी नुसत्या सिट्रेटवर जगतोस का? हिरवी नळी निळी झाली तर हो. ई. कोलाय पहिल्या दोघांना हो म्हणतो, पुढच्या दोघांना नाही. क्लेबसिएला न्यूमोनिए सहसा अगदी उलट. मग ट्रिपल शुगर आयर्नची नळी: तळ काळा झाला तर हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे साल्मोनेला किंवा प्रोटियस यांचा संशय. त्यात युरियाची नळी काही तासांत गुलाबी झाली की प्रोटियस, नाही झाली तर साल्मोनेलाकडे जायचं आणि अँटिसीरमने खात्री करायची.

मशीनचं उत्तर इथले दुसरे कुणी देतील.

रबाळे_शिफ्ट
रविवार, दुपारी १.४०

मी देतो. टीटीसी औद्योगिक पट्ट्यात औषधाच्या कंपनीत क्यूसी मायक्रोला, म्हणजे जिवाणूंच्या गुणवत्ता तपासणीला आहे, आमच्याकडे व्हायटेक हे जिवाणू ओळखायचं मशीन आहे. त्याच्या कार्डात ६४ खाचा असतात आणि त्यातल्या बऱ्याचशा म्हणजे तुझ्या नळ्याच, लहान केलेल्या. ग्राम निगेटिव्हचं कार्ड वेगळं, पॉझिटिव्हचं वेगळं. कोणतं घालायचं हे तू ग्राम स्टेन बघून ठरवायचंस. कॉलनी शुद्ध नसेल तर मशीन बिनदिक्कत चुकीचं नाव छापेल. माल्डी-टॉफ हे दुसरं मशीन तर काही मिनिटांत प्रथिनांच्या ठशावरून नाव देतं, पण कॉलनी त्यालाही लागते. आमच्याकडे मुलाखतीला आलेल्यांना मी स्लाइड करायला लावतो.

धाग्यात "अडवायच्या" चाचण्या म्हटलंय, त्यावर थोडं लिहितो, कारण आमचं काम सूक्ष्माताईंच्या उलट आहे. त्यांना जिवाणू सापडायला हवा. आम्हाला तो नाही हे सिद्ध करायचं असतं, आणि "नाही" सिद्ध करणं फार अवघड.

इंजेक्शनची बॅच घ्या. स्टरिलिटी टेस्टमध्ये औषध ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून जातं. मग ती गाळणी दोन माध्यमांत: फ्लुइड थायोग्लायकोलेट ३० ते ३५ अंशांना, सोयाबीन केसीन डायजेस्ट २० ते २५ अंशांना. १४ दिवस रोज उजेडात धरून बघायचं, गढूळ झालं का. पण माध्यम कोरं राहिलं याचे दोन अर्थ होतात: औषध खरंच निर्जंतुक आहे, किंवा माध्यमात काही वाढूच शकत नव्हतं. म्हणून माध्यमाच्या प्रत्येक लॉटमध्ये मोजून शंभराच्या आत जिवाणू टाकून ते वाढतात का हे आधी बघावं लागतं. औषध स्वतःच अँटिबायोटिक असेल तर गाळणी धुवून धुवून त्याचा अंश काढावा लागतो.

ऑटोक्लेव्हचंही तसंच. घरचा कुकर आणि ऑटोक्लेव्ह यांचं तत्त्व एकच, १५ पौंड दाबाला वाफ १२१ अंशांची होते आणि १५ मिनिटं तिथे धरायची. पण आतली हवा पूर्ण निघाली नाही तर काटा दाब दाखवतो आणि सामानाच्या मध्यभागी तेवढी उष्णता पोचत नाही. पाकिटावरच्या टेपवर काळे पट्टे उमटले म्हणजे पाकीट तापलं, एवढंच कळतं. जिवाणू मेला की नाही हे विचारायचं तर जिवाणूलाच विचारावं लागतं. त्यासाठी जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या जिवाणूचे स्पोर, म्हणजे त्याची चिवट सुप्त रूपं, असलेली छोटी कुपी असते. उष्णतेला इतका चिवट दुसरा सहसा मिळत नाही. कुपी सामानाच्या सगळ्यात अडचणीच्या जागी ठेवायची, सायकल झाली की आतली काच दाबून फोडायची, जांभळं द्रावण स्पोरच्या पट्टीवर उतरतं. मग ५५ ते ६० अंशांना ठेवायची. जांभळी राहिली तर स्पोर मेले, पिवळी झाली तर सायकल नापास. शेजारी त्याच लॉटची, ऑटोक्लेव्हमध्ये न गेलेली एक कुपी ठेवतोच. ती पिवळी व्हायलाच हवी. ती पिवळी झाली नाही तर बाकीच्या जांभळ्या कुपींना काही किंमत नाही. कुठल्याही लॅबमध्ये, दवाखान्यात जा आणि "तुमची पॉझिटिव्ह कंट्रोल कुठे आहे?" एवढं विचारा. कामाचा दर्जा तिथेच कळतो.

आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. ऑटोक्लेव्हने ग्राम निगेटिव्ह जिवाणू मरतो, पण त्याच्या भिंतीतलं एंडोटॉक्सिन हे विष उरतं. ते सलाइनमधून शिरेत गेलं तर थंडी वाजून ताप भरतो, रक्तदाब कोसळू शकतो. ते शोधायची एलएएल टेस्ट हॉर्सशू क्रॅबच्या निळसर रक्तातल्या पेशींपासून बनते. नळीत मिसळून ३७ अंशांना तासभर ठेवायचं आणि नळी सावकाश उलटी करायची. गोळा तसाच चिकटून राहिला तर एंडोटॉक्सिन आहे. काचेवरून ते घालवायला २५० अंशांची कोरडी भट्टी लागते, वाफ पुरत नाही.

कोपरीकर
रविवार, रात्री ९.०५

कोपरीत जनरल प्रॅक्टिस करतो. धागा उत्तम, पण सूक्ष्माताई, "पहिल्या डोसआधी नमुना" हा नियम सरसकट लावण्याशी मी सहमत नाही. पंचवीस-तीस वर्षांची मुलगी, गरोदर नाही, ताप नाही, दोन दिवस जळजळ, पहिलीच वेळ. तिला कल्चरचा खर्च आणि तीन दिवसांचा त्रास कशासाठी? तिथे लक्षणांवरून औषध देणं शास्त्राला धरूनच आहे. कल्चर हवंच कुणाला? गरोदर बाई, पुरुष, लहान मूल, मधुमेही, ताप आणि पाठीत दुखणारे, परत परत होणारे आणि पहिल्या औषधाने बरे न झालेले.

दुसरं म्हणजे रिपोर्टवरचे आकडे. पेशंट एमआयसीचा, म्हणजे जिवाणूची वाढ थांबवणाऱ्या औषधाच्या किमान प्रमाणाचा, सगळ्यात लहान आकडा शोधतात आणि तेच औषध मागतात. तसं नसतं. ई. कोलायला नायट्रोफ्युरँटॉइनची एमआयसी १६ असली तरी ते चालणारं औषध आहे, कारण त्याची सीमा ३२ आहे. सिप्रोफ्लॉक्सासिनची एमआयसी १ असली तरी तो जिवाणू सिप्रोला दाद देणार नाही. प्रत्येक औषधाची सीमा निराळी. त्यातून नायट्रोफ्युरँटॉइन फक्त मूत्राशयापुरतं, जंतुसंसर्ग मूत्रपिंडात किंवा रक्तात असेल तर रिपोर्टवर "एस" (औषध चालेल) असूनही निरुपयोगी. रिपोर्ट थेट केमिस्टकडे नेऊ नका. मार्च २०१४ पासून औषध नियमांतल्या शेड्युल एच-१ या यादीतल्या अँटिबायोटिकची विक्री केमिस्टला वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंदवावी लागते, ते उगाच नाही.

तिसरं, टायफॉइडची विडाल चाचणी. पावसाळ्यात निम्मे पेशंट "विडाल पॉझिटिव्ह" घेऊन येतात. ही चाचणी १८९६ ची. ती जिवाणू शोधत नाही, आपल्या रक्तातल्या प्रतिपिंडांशी बोलते. जुना टायफॉइड, लस, कधीकधी दुसराच ताप, यांनीही ती वर जाते आणि पहिल्या आठवड्यात खऱ्या टायफॉइडमध्येही निगेटिव्ह येऊ शकते. टायफॉइडचा खरा पुरावा म्हणजे ब्लड कल्चर, आणि ते पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त सापडतं.

सूक्ष्मा_नौपाडा
रविवार, रात्री १०.१०

डॉक्टर, तुम्ही दिलेली यादी फार मोलाची आहे. माझं म्हणणं एवढंच: कल्चर करायचं ठरलं असेल तर ते डोसआधी. लक्षणांवरून औषध देणं हा निर्णय तुमचा, लॅबचा नव्हे. आमच्याकडे येतात ते बहुतेक तुमच्या यादीतलेच असतात, पण घरात उरलेल्या स्ट्रिपमधल्या गोळ्या घेऊन. तिथे मी हट्टी आहे.

ब्लड कल्चरचं जोडते. मोठ्या माणसाच्या एका बाटलीत आठ ते दहा मिलिलिटर रक्त लागतं आणि शक्यतो दोन वेगळ्या जागांवरून घ्यावं लागतं. "एवढं रक्त कशाला काढता" म्हणून नातेवाईक हात मागे ओढतात. पण रक्तात जिवाणू फार विरळ असतात, एका मिलिलिटरमध्ये एखादाच असू शकतो. रक्त कमी घेतलं तर तो निसटतो. दोन जागांवरून घेतल्याने त्वचेवरचा स्टॅफ चुकून आला की खरंच रक्तात आहे, हेही कळतं. बाटल्या मशीनमध्ये पाच दिवस राहतात, पण बऱ्याचदा पहिल्या दोन दिवसांतच वाढ कळते. त्यावेळी आम्ही ग्राम स्टेन करून डॉक्टरांना फोन करतो, पूर्ण रिपोर्टची वाट बघत नाही.

खारीगावचा
सोमवार, सकाळी ७.३०

माझ्या भावाचा थुंकीचा रिपोर्ट सरकारी केंद्रात सीबीनॅटवर त्याच दिवशी टीबी पॉझिटिव्ह आला. औषध सुरू झालंय. तरी कल्चरला पाठवलंय आणि सहा आठवडे लागतील म्हणाले. निकाल आलाय तर हे कशासाठी? घरात दोन लहान मुलं आहेत, काळजी वाटते.

सूक्ष्मा_नौपाडा
सोमवार, सकाळी ८.१५

औषध वेळेत सुरू झालं हे सगळ्यात महत्त्वाचं झालं. सीबीनॅट जिवाणूचा डीएनए शोधतं आणि रिफॅम्पिसिनला तो दाद देतो का तेही दोनेक तासांत सांगतं. पण मेलेल्या जिवाणूचा डीएनएही त्याला दिसतो आणि बाकीच्या औषधांबद्दल ते बोलत नाही. कल्चरमध्ये जिवंत जिवाणू वाढतो, त्याच्यावर इतर औषधं लावून बघता येतात. उपचार चालू असताना तो मरतोय का हेही कल्चरच दाखवतं. टीबीचा जिवाणू दुप्पट व्हायलाच पंधरा ते वीस तास घेतो. म्हणून लोवेनस्टाइन-जेन्सनच्या हिरवट नळीत आठ आठवड्यांपर्यंत वाट बघतात, द्रव माध्यमात ४२ दिवस. त्याची भिंत मेणासारखी असल्याने ग्राम स्टेन नीट बसत नाही, त्याला झील-नील्सनचा गरम कार्बोल फुक्सिन लागतो. आम्लाने धुतलं तरी तो लाल राहतो, बाकी सगळं निळं होतं. पण स्लाइडवर दिसायला एका मिलिलिटरमध्ये पाच ते दहा हजार जिवाणू हवेत. म्हणून स्लाइड निगेटिव्ह आली तरी टीबी नाही असं म्हणत नाहीत.

भावाला सांगा, पुढच्या वेळी सकाळी उठल्यावर चूळ भरून, छातीतून खोकून आलेला बेडका द्यायचा, लाळ नको. आणि मुलांना त्याच केंद्रात तपासणीला नक्की न्या. पाच वर्षांखालील मुलांना टीबी नसेल तरी प्रतिबंधक औषध देतात. सगळं मोफत आहे.

सचिव_कोपरखैरणे
मंगळवार, रात्री ९.४५

थोडा वेगळा प्रश्न, पण इथली माणसं बघून विचारतो. आमच्या सोसायटीत एका विंगमध्ये आठवड्याभरात बऱ्याच घरांत जुलाब झाले. एका खासगी लॅबमध्ये पाणी दिलं, रिपोर्टवर "कोलिफॉर्म आढळले, ई. कोलाय आढळले" एवढंच. सभासद म्हणतात महापालिकेचं पाणीच खराब. प्लंबर म्हणतो टाकी धुवा. नक्की काय करू?

निवृत्त_जलविभाग
मंगळवार, रात्री १०.५०

सचिवसाहेब, आधी आजच सगळ्यांना पाणी उकळून प्यायला सांगा. बाकीचं उद्यापासून.

मी पाण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. ई. कोलाय आढळला म्हणजे विष्ठेचा अंश पाण्यात आला. आयएस १०५०० या भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये तो अजिबात नको. आता तो कुठे शिरला हे एका नमुन्यावरून कळत नाही. तुमचं पाणी मोरबे धरणातून भोकरपाड्याच्या जलशुद्धीकरण केंद्रात येतं, तिथे क्लोरीन टाकून सुटतं. बिघाड बऱ्याचदा शेवटच्या वीस-तीस मीटरमध्ये असतो. म्हणून चार ठिकाणचे नमुने घ्या: मीटरजवळ पालिकेचं पाणी येतं तिथे, जमिनीखालची टाकी, त्या विंगची गच्चीवरची टाकी आणि एका घरातला स्वयंपाकघराचा नळ. चारही बाटल्या एकाच दिवशी. पहिली चांगली आणि दुसरी वाईट निघाली की भांडण मिटतं.

नमुना घेताना नळाची जाळी काढा, नळाचं तोंड ज्योतीने तापवा, दोन-तीन मिनिटं पाणी सोडा, मग बाटली भरा. बाटली लॅबचीच, सोडियम थायोसल्फेट घातलेली. ते का? पाण्यात क्लोरीन असेल तर ते बाटलीतही, तुमच्या गाडीतही जिवाणू मारत राहतं आणि लॅबला स्वच्छ पाणी दिसतं. थायोसल्फेट क्लोरीनला तिथेच थांबवतं. सूक्ष्माताई गोळीआधी नमुना द्या म्हणतात, त्याचं कारणही हेच.

लॅबमध्ये काय करतात तेही सांगतो, म्हणजे रिपोर्ट कळेल. एमपीएन म्हणजे जिवाणूंच्या संख्येचा अंदाज काढायची पद्धत, त्यात मॅकॉन्की ब्रॉथ या द्रव खाद्याच्या नळ्यांत वेगवेगळ्या मापाचं पाणी घालतात, आत एक छोटी उलटी डरहॅमची नळी असते. ३७ अंशांना ४८ तासांत आंबून वायू झाला की तो त्या छोट्या नळीत बुडबुड्यासारखा अडकतो. किती नळ्यांत वायू आला त्यावरून तक्त्यात आकडा बघायचा. पण मातीतले कोलिफॉर्म, म्हणजे ई. कोलायच्या गटातले इतर जिवाणूही वायू करतात, म्हणून तीच वाढ पुढे ४४ अंशांना लावतात. तिथेही वायू आणि इंडोल आलं तर ई. कोलाय.

दुसऱ्या नमुन्याची वाट बघताना क्लोरीन तपासा. पालिकेचे कर्मचारी ओटी टेस्ट करायचे, पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे. आता डीपीडीची गोळी मिळते, गुलाबी रंग येतो. नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर तरी हवं. मीटरजवळ रंग येतो आणि जमिनीखालच्या टाकीत येत नाही, तर टाकीत काहीतरी क्लोरीन खातंय.

मृणा_घोडबंदर
मंगळवार, रात्री ११.१५

काका, यावरूनच विचारते, काळ्या फिनाइलच्या बाटलीवर आरडब्ल्यूसी लिहिलेलं असतं, ते काय? जुलाब झालेल्या घरात फरशीला तेच वापरावं का?

रबाळे_शिफ्ट
बुधवार, सकाळी ६.४०

रिडिअल-वॉकर कोएफिशंट, १९०३ ची चाचणी. टायफॉइडचा जिवाणू ठरलेल्या वेळात मारायला फिनॉलच्या तुलनेत हे किती पट विरळ करून चालतं, तो आकडा. पण चाचणीत घाण नसते. फरशीवर मळ असेल तर ताकद खूप घटते. आधी साबणाने धुवून काढा, मग लावा, मग वाळू द्या.

सचिव_कोपरखैरणे
रविवार, रात्री ८.२०

चारही रिपोर्ट आले. मीटरजवळचं पाणी स्वच्छ, बाकी तिन्हीत ई. कोलाय. डीपीडीच्या गोळीचा रंगही मीटरजवळ आला, टाकीत आला नाही. टाकी रिकामी केली तेव्हा ड्रेनेजच्या चेंबरकडच्या भिंतीत वरच्या बाजूला तडा आणि त्याखाली ओलाव्याचा काळा पट्टा दिसला. चेंबर तुंबलेला होता. दोन्ही दुरुस्तीला दिलंय, तोवर टँकर. सभासदांना रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून दाखवले, वाद उरला नाही. जुलाबाचे नवे पेशंट नाहीत. काका, आता टाकी भरल्यावर ब्लीचिंग किती टाकू? आणि पुन्हा टेस्ट कधी?

निवृत्त_जलविभाग
रविवार, रात्री ९.१०

छान केलंत. टाकी घासून, धुऊन, धुवण काढून टाका. मग भरा. ताज्या ब्लीचिंग पावडरचं प्रमाण साधारण हजार लिटरला अडीच ग्रॅम. कोरडी टाकायची नाही. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळलेलं पाणी टाकीत ओता. किमान एक तास कुणी वापरायचं नाही, मग डीपीडीने बघा. रंग आला नाही तर आणखी टाका. पाकीट जुनं, ओलसर असेल तर त्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो, नवीन घ्या. वरच्या टाक्यांनाही तेच करा, नाहीतर खालचं स्वच्छ पाणी वर जाऊन पुन्हा नासेल.

टेस्ट त्याच दिवशी करू नका. ब्लीचिंग टाकलेलं पाणी वापरून संपू द्या, नेहमीचं पाणी दोन-तीन दिवस येऊ द्या, मग त्याच चार जागांचे नमुने थायोसल्फेटच्या बाटलीत पाठवा. दोन वेळा लागोपाठ स्वच्छ आल्यावरच उकळणं थांबवा.